कोंबडी कुणी मारली? कोकणात परसात कोंबड्या पाळायला लागलेल्यांसाठी

चार वर्षांपूर्वी मुंबईचं बिऱ्हाड आवरून आम्ही देवगड तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचे राहायला आलो. पावसाळ्याआधी सहा गावठी तलंगा (तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा घेतला. दिवसभर त्या काजूच्या बागेत चरायच्या आणि संध्याकाळी जांभ्याच्या खुराड्यात शिरायच्या. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी दार उघडलं तर आत दोन तलंगा मेलेल्या, दोघींची मुंडकी गायब. त्याच वेळी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, एक मुंगूस उतरून खुराड्याकडे येत होतं. माझा निकाल तिथेच लागला.

पुढचे बारा दिवस मी त्या मुंगसाच्या मागे लागले. कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवल्या, गडग्यातली बिळं दगडांनी बुजवली. तेवढ्यात आणखी दोन गेल्या, त्याही रात्री, बंद दाराआड. शेवटी शेजारच्या काकी आल्या, खुराड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "मुंगूस रातीचां भायर पडणा नाय गो. ह्यां कांडेचोराचां काम." कांडेचोर म्हणजे उदमांजर. वर कौल आणि भिंत यांच्यामध्ये मूठभर फट होती. ती मी एकदाही पाहिली नव्हती, कारण मला गुन्हेगार आधीच सापडला होता.

तुमच्याकडे हे होऊ नये म्हणून हा लेख. कोण आलं होतं हे कळल्याशिवाय उपाय करता येत नाही. कोल्ह्यासाठी केलेला बंदोबस्त कांडेचोराला अडवत नाही, आणि घारीसाठी लावलेली जाळी सापाला दिसतही नाही. शिवाय चुकीचा संशय घेतला की लोक विषाकडे आणि फासक्यांकडे वळतात, आणि भलताच जीव जातो.

आधी जवळ काय ठेवायचं

फार काही लागत नाही. चांगली बॅटरी, मोबाईल, एक काडेपेटी, चुलीतली चाळलेली राख, जुनी सुरी, हातमोजे (नसतील तर हातात प्लास्टिकच्या दोन पिशव्या) आणि भिंतीवरचं कॅलेंडर. काडेपेटी मापासाठी आहे. ठशाशेजारी ठेवून फोटो काढला की नंतर आकाराचा वाद होत नाही.

१. कशालाही हात लावण्याआधी गर्दी थांबवा

मेलेली कोंबडी दिसली की आपण पहिल्यांदा ती उचलतो. तसं करू नका. घरचा कुत्रा बांधा, मांजर घरात घ्या, उरलेल्या कोंबड्या दुसरीकडे डालग्याखाली झाका. अर्ध्या तासात कावळे येतात, मुंगूस येतं, शेजारचा कुत्रा येतो आणि प्रत्येक जण काहीतरी खाऊन किंवा ओढून जातो. माझ्या खुराड्याकडे आलेलं मुंगूस असंच वासावर आलं होतं. मेलेल्या कोंबडीजवळ दिसलेला प्राणी आणि तिला मारणारा प्राणी एकच असेल असं नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

मग लांबून फोटो, जवळून फोटो, दाराचे, कौलांचे, जमिनीचे फोटो. कोंबड्या मोजा. एक मेलेली सापडली म्हणजे एकच गेली असं समजू नका.

२. वेळ ठरवा

शेवटचं जिवंत कधी पाहिलं, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळा विचारा. निम्मे संशयित इथेच गळतात.

दिवसाउजेडी येणारे म्हणजे मुंगूस, घोरपड, घार, शिक्रा, कावळा. रात्रीचे म्हणजे कांडेचोर, जवादी मांजर, घुबड, अजगर, घूस. कोल्हा आणि बाऊल, म्हणजे रानमांजर, पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, पण बाऊल भरदिवसाही काजूच्या बागेतून कोंबडी उचलतो. कुत्र्याला वेळ नाही. बिबट्या बहुधा रात्री येतो.

संध्याकाळी खुराडं बंद करताना रोज मोजायची सवय लावा. ही सवय नसेल तर "काल होती की परवा?" इथेच सगळं अडतं. आंब्यावर किंवा जांभळीवर झोपायला जाणाऱ्या कोंबड्याही मोजायच्या. झाडावरची गेली तर संशयितांची यादी वेगळी असते.

३. काय उरलंय आणि काय गेलंय ते बघा

इथे घाई नको. काय नाहीसं झालं त्यावरून बरंच कळतं.

*अख्खी कोंबडी गायब, पिसांचा माग आहे.* कोल्हा किंवा बाऊल. पहिला झुबका जिथे धरली तिथे, मग वईपर्यंत (कुंपणापर्यंत) एकेक दोनदोन पिसं, आणि पलीकडे करवंदीच्या जाळीत मोठा ढीग. कोल्हा लांब नेतो. बाऊल बहुतेक वेळा जवळच्याच आडोशाला बसतो. खाडीकडेला, कांदळवनालगत घर असेल तर कोल्हा मनात ठेवाच, तिथे त्यांची वस्ती असते. आदल्या रात्री कोल्हेकुई ऐकू आली होती का, हे आठवून पाहा.

*अख्खी कोंबडी गायब, एकही पीस नाही, दार बंद.* आधी खुराड्यातल्या कोपऱ्यात बॅटरी मारा, हात घालू नका. अजगर (आमच्याकडे आर म्हणतात) कोंबडी अख्खी गिळतो आणि मग फुगलेल्या पोटाने आलेल्या फटीतून बाहेर जाता येत नाही म्हणून तिथेच पडून राहतो. सकाळी तुसात वेटोळं दिसतं. अजगर विषारी नाही, पण त्याचा चावा वाईट असतो, म्हणून स्वतः काढायला जाऊ नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते येतात किंवा जवळच्या सर्पमित्राला पाठवतात. साप सापडलाच नाही तर दुसरी शक्यता माणसाची, आणि तीही स्वच्छ मनाने तपासावी: कडी बाहेरून सरळ उघडलेली आहे का?

*मुंडकं आणि मान गेली, धड तिथेच.* खुराड्याच्या आत, रात्री, एकापेक्षा जास्त कोंबड्या असतील तर कांडेचोर किंवा जवादी मांजर. फटीतून आत शिरता येतं, पण भरलेली कोंबडी घेऊन बाहेर पडता येत नाही, म्हणून जे जागेवर खाता येईल ते खातात. दिवसा, बाहेर, मानेवर बारीक दातांचे चावे आणि डोकं खाल्लेलं असेल तर मुंगूस. मोठी कोंबडी मुंगसाला उचलून नेता येत नाही, ओढत मात्र तो नेतो. झाडावर झोपलेल्या कोंबडीचं डोकं रात्रीतून गेलं आणि खाली पिसं पडलेली असतील तर घुबड. एक सावधगिरी: कोंबड्या जाळीला टेकून झोपत असतील तर बाहेरून कुणीही मान ओढून तोडू शकतो. अशा वेळी आत शिरण्याची वाट शोधत बसू नका, जाळीला लागलेलं रक्त शोधा.

*छाती खाल्लेली, भोवती पिसांचं वर्तुळ.* शिकारी पक्षी. घार आणि शिक्रा पिल्लं आणि लहान तलंगा उचलतात. पूर्ण वाढलेली कोंबडी घारीला पेलत नाही. मोठी कोंबडी उघड्यावर जागीच छातीकडून फाडलेली असेल तर मोरघारीचा संशय घ्यावा. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर घरटी करणाऱ्या समुद्रगरुडाचं नाव लोक उगाच घेतात. त्याचं मुख्य अन्न मासे आणि समुद्री साप.

*खूप कोंबड्या मेलेल्या, खाल्लेली एकही नाही.* कुत्रे. पाठीवर आणि मांड्यांवर चावे, कातडी फाटलेली, पिसं लाळेने चिकटलेली, मृतदेह परसभर विखुरलेले. हे कबूल करायला जड जातं, कारण कित्येकदा तो कुत्रा ओळखीचा असतो. माझ्या अंदाजाने गावात बाऊल आणि कोल्ह्याच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या कोंबड्या कुत्र्यांच्याच असतात.

*नुसती पिल्लं कमी होत जातात.* इथे एकाला धरणं कठीण. दिवसा उघड्यावर घटली तर घार, शिक्रा, कावळा, मुंगूस. रात्री खुराड्यात घटली तर घूस किंवा साप. घुशीचं बीळ शोधा: भिंतीच्या पायाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि कधी बिळाच्या तोंडाशी पिल्लाचा पाय सापडतो. साप काहीच मागे ठेवत नाही.

*खुडूक कोंबडी अंड्यांवरच मेलेली, जखम दिसत नाही.* अंडी किंवा पिल्लं खायला आलेला नाग तिला चावून गेला असू शकतो. डोकं-मानेची पिसं ओली, एकाच दिशेला चापलेली असतील तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिली. टोपली हलवण्याआधी काठीने तूस बाजूला करा. नाग अजून तिथेच असेल, हे धरून चाला.

अंड्यांचंही थोडक्यात सांगते. कवचं फुटून तिथेच पडली असतील तर मुंगूस किंवा कावळा. कवच कुरतडलेलं, भिंतीकडे ओढलेलं असेल तर उंदीर-घूस. अंडं अख्खं नाहीसं आणि कवचाचा तुकडाही नाही, तर साप किंवा घोरपड.

४. पीस हातात घ्या

हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. दहाबारा मोठी पिसं गोळा करून उजेडात देठाकडचं टोक बघा. शिकारी पक्षी चोचीने पीस उपटतो, त्यामुळे देठ टोकापर्यंत शाबूत असतो, फार तर मध्ये चोचीची चिमट असते. चार पायांचा प्राणी दाताने झुबका धरून ओढतो. तिथे देठ मध्येच तुटलेले, चावलेले असतात आणि पिसं लाळेने एकमेकांना चिकटलेली असतात. पाऊस पडून गेला असेल तर लाळेवर भरवसा ठेवू नका, देठावर ठेवा.

५. ती मारली गेली की आधीच मेली होती?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, म्हणून मुद्दाम वेगळा लिहिते. मानमोडी (राणीखेत) सारख्या रोगाने रात्री मेलेली कोंबडी सकाळपर्यंत कुणीतरी खाल्लेली असते आणि आपण शिकाऱ्याला शोधत बसतो. तोवर बाकीच्या आजारी पडतात.

हातमोजे घालून चाव्याच्या जागेची कातडी सुरीने सोडवा. कातडीखाली काळंनिळं रक्त साकळलेलं असेल तर चावला तेव्हा ती जिवंत होती. दातांची भोकं आहेत पण खाली मांस फिकं, रक्त साकळलेलं नाही, तर ती मेल्यावर कुणीतरी खाल्ली.

एकाच वेळी अनेक कोंबड्या जखमेशिवाय मेल्या, आदल्या दिवशी माना वाकड्या होत होत्या, हिरवी हगवण होती, तुरा काळानिळा पडला होता, असं काही असेल तर कापू नका, उघड्या हाताने उचलू नका. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लू आपल्याकडे कुठला, असं म्हणू नका. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये तो सापडला होता. परसात कोंबड्यांबरोबर कावळेही मरून पडत असतील तर त्याच दिवशी कळवा.

६. ठसे: कातळावर नाही उठत, म्हणून राख

पुस्तकी सल्ला असतो की ठसे बघा. आपल्याकडची जांभ्याची जमीन त्याला साथ देत नाही. सड्यावर हत्ती चालून गेला तरी खूण राहणार नाही. समुद्रालगतच्या माडांच्या वाडीत वाळू असेल तर तुमचं नशीब. पावसाळ्यात व्हाळाच्या काठचा चिखल बघावा, प्राणी पाण्याकडून येतात-जातात.

बाकी ठिकाणी ठसे उठवून घ्यावे लागतात. जिथे एकदा खायला मिळालं तिथे तो प्राणी पुढच्या दोनतीन रात्रींत बहुधा परत येतो. संध्याकाळी खुराड्याच्या दारासमोर, फटीखाली, गडग्याच्या खिंडारात चाळलेली राख अर्ध्या बोटाएवढ्या जाडीने पसरा आणि झाडूने सारखी करा. पावसात पडवीखालीच पसरता येते. सकाळी कोंबड्या सोडण्याआधी बघा, नाहीतर त्यांच्याच पायांनी सगळं पुसतं. अर्थात त्या रात्री कोंबड्या दुसऱ्या, पक्क्या जागी ठेवायच्या.

काय बघायचं:

- चार बोटं, नखांच्या खुणा: कुत्रा किंवा कोल्हा. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट.
- चार बोटं, नखं नाहीत, गोल: मांजर कुळ. घरच्या मांजराचा ठसा साधारण काडेपेटीच्या रुंदीएवढा, बावलाचा काडेपेटीच्या लांबीकडे झुकणारा. काडेपेटीपेक्षा स्पष्ट मोठा असेल तर बिबट्या.
- पाच बोटं: कांडेचोर, जवादी मांजर, मुंगूस. मुंगसाचा ठसा लहान, आणि बोटांपासून जरा पुढे नखांचे टोकदार ठिपके. त्याचं पाचवं बोट कधीकधी उठत नाही.
- दोन्हीकडे पंजे आणि मधून शेपटीची रेघ: घोरपड.
- नुसता पट्टा किंवा नागमोडी रेघ: साप.

माझ्या राखेत तिसऱ्या सकाळी पाच बोटांचे गोल ठसे उमटले, भिंतीच्या बाजूने खाली उतरून आलेले. गडग्याच्या वरच्या चिऱ्यावर विष्ठाही होती, करवंदाच्या आणि सुरमाडाच्या बियांनी भरलेली. कांडेचोर मुख्यतः फळं खातो आणि अशी विष्ठा उंच, उघड्या जागी टाकतो. ती दिसली की तो वाटेवर आहे हे नक्की. कोंबडी त्यानेच मारली हे मात्र एवढ्यावर ठरत नाही. बिया, ठसे, वेळ, फट आणि तुटलेली मुंडकी हे सगळं एकत्र जुळलं तेव्हा कुठे मी त्याचं नाव घेतलं.

७. आत शिरायची वाट

रात्री खुराड्यात कुणाला तरी दिवा घेऊन बसवा आणि बाहेरून पाहा. जिथून उजेड दिसतो ती वाट. मूठ शिरेल एवढ्या फटीतून कांडेचोर आणि मुंगूस जातात. अंगठा शिरेल तिथून धामण जाते. वर बघायला विसरू नका. आपण दार आणि पाया बघतो, कौल बघत नाही. वरची माडाची झावळी किंवा फणसाची फांदी कौलांना टेकत असेल तर ती शिडीच आहे, तोडून टाका. काटेरी वई किंवा गडगा कुत्र्याला थोडा थोपवतो, बाकी कुणाला नाही.

बाजारात "कोंबडी जाळी" म्हणून मिळते ती षटकोनी पातळ जाळी कोंबडी आत ठेवायला बरी. कुत्रा ती फाडतो आणि साप भोकातून जातो. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेशच लावा आणि खाली एक फूट जमिनीत पुरा. कातळ असेल तर चिरे लावून सिमेंट करा. हा खर्च एकदाच होतो. आमच्याकडे जाळी आणि फटीतलं सिमेंट झाल्यापासून रात्रीची एकही गेलेली नाही.

दिवसासाठी उपाय वेगळा. पिल्लांवर डालगं किंवा वर जाळी, कोंबड्यांना लपायला झुडपं, आणि तिन्हीसांजेआधी आत घेणं. बाऊल किंवा कोल्हा लागला असेल तर आठवडाभर सकाळी उशिरा सोडा, ऊन पडल्यावर.

८. बिबट्या असेल तर

खुराड्याचं दार मोडलेलं, जाळी वाकवलेली, त्याच आठवड्यात गावातले कुत्रे गायब झालेले आणि मोठा गोल ठसा असेल, तर रात्री एकट्याने बाहेर पडू नका, मुलांना सांगा, आणि वनरक्षकाला किंवा १९२६ वर त्याच दिवशी कळवा. बकरी किंवा वासरूही गेलं असेल तर पंचनामा होईपर्यंत ते हलवू नका. तारीख आणि वेळ असलेले फोटो तेव्हा कामाला येतात.

९. जे करायचं नाही

उरलेल्या कोंबडीला कीटकनाशक लावून ठेवू नका. ते कांडेचोर खाईल की शेजारचा कुत्रा की घार, हे तुमच्या हातात नसतं. तारेची फासकी लावू नका. डुकरासाठी लावलेल्या फासक्यांत आपल्या भागात बिबटे अडकतात, आणि ते मरण फार हालाचं असतं. मुंगूस, बाऊल, कोल्हा, कांडेचोर, घोरपड, अजगर, नाग, धामण हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मारले तर गुन्हा आहे. धामण पिल्लू खाते हे खरं, पण भाताच्या कणगीभोवतीचे उंदीरही तीच खाते.

मेलेली कोंबडी गडग्यापलीकडे फेकू नका, त्या वासावर नवे पाहुणे येतात. दोन फूट खड्डा, वर चुना, त्यावर दगड. कुणीतरी अर्धवट खाल्लेली कोंबडी शिजवू नका.

१०. कॅलेंडरवर लिहा

तारीख, वेळ, जागा, काय उरलं होतं, कोण वाटतं. दोन शब्द पुरतात. पहिल्यांदा चुकाल, मीही चुकले. पण वर्षभराने पान उलटून बघितलं की परसाचं वेळापत्रक दिसतं. आमच्याकडे पिल्लं मार्च ते मे या काळात दिवसा जातात, म्हणून आता खुडूक कोंबडी त्या महिन्यांत उबवणीला बसवत नाही. पावसाळ्यात साप, आणि दिवाळीच्या सुमारास भातकापणी झाली की मळ्याकडून कोल्हा. त्या पानांवर मुंगसाच्या नावावर आजवर दोन पिल्लं आणि काही अंडी आहेत. बुजवलेल्या बिळांचे दगड मी त्याच पावसाळ्यात काढून टाकले. सकाळी साडेसातला तो अजूनही गडग्यावरून जातो, आणि तेव्हा पिल्लं डालग्याखाली असतात.